सर्वसेनाचा पारिजात: कविकल्पित कथा आणि संशोधक

अकोल्याहून पातूर, मेडशी, मालेगांव या वाटेनें वाशीमास जाणारा प्रवासी वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेच्या मुलखांतून जात असतो. वाशीम हेंच प्राचीन वत्सगुल्म होय. या भागांत पोथ्यांचे रुमाल सोडून पाहणाऱ्या संग्राहकास एक प्रश्न वारंवार पडतो. पोथींतील कथा मूळ पुराणाशीं जुळली नाहीं, तर ती भ्रष्ट समजून बाजूस ठेवावी काय? याचें उत्तर ह्याच भूमींतील एका राजकवीच्या लुप्त काव्याविषयीं प्राचीनांनीं जें लिहून ठेविलें आहे त्यांत सांपडतें.

वाशीम येथें १९३९ सालीं एक ताम्रपट उजेडांत आला. द्वितीय विंध्यशक्तीनें तो आपल्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्माहून दिला. त्याचा वंशावळीचा भाग संस्कृत असून दानाचा भाग प्राकृत आहे. त्यावरून प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन व त्याचा पुत्र विंध्यशक्ति ही परंपरा निश्चित झाली. सर्वसेनाचा काळ चौथ्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचा मानतात. ‘हरिविजय’ या महाराष्ट्री प्राकृत काव्याचा कर्ता सर्वसेन हा राजा होता, असें दंडी ‘अवंतिसुंदरीकथे’च्या प्रास्ताविकांत सुचवितो. कवि व ताम्रपटांतील राजा एकच, हें मत त्यामुळें दृढ झालें. काव्य आज उपलब्ध नाहीं. अलंकारग्रंथांत आलेले त्याचे त्रुटित अंश तेवढे उरले आहेत.

आतां नवव्या शतकांतील आनंदवर्धन काय म्हणतो तें पाहूं. ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतांत तो सांगतो कीं, इतिहासपुराणांतून घेतलेल्या कथेंत रसास प्रतिकूल असें कांहीं आढळल्यास कवीनें तें सोडावें आणि रसास उचित असा नवा प्रसंग कल्पून घालावा. उदाहरणें म्हणून तो कालिदासाचीं काव्यें, सर्वसेनाचें ‘हरिविजय’ व स्वतःचें ‘अर्जुनचरित’ यांचीं नांवें घेतो. मात्र रामायणासारख्या ज्या कथांचा रस लोकमानसांत सिद्ध झाला आहे, त्यांत रसाविरुद्ध स्वैर कल्पना योजूं नये, अशी मर्यादाही तो घालतो. पुराणेतिहासावर अद्भुत कथा रचणाऱ्याच्या कारागिरीचा इतका नेमका नियम अन्यत्र क्वचितच आढळेल.

सर्वसेनानें बदललें काय? विष्णुपुराणांत कृष्ण स्वर्गास जातो, सत्यभामेस पारिजात हवासा वाटतो, आणि त्यापायीं इंद्राशीं युद्ध होतें. अभिनवगुप्त आपल्या टीकेंत म्हणतो कीं, रुसलेल्या प्रियेच्या अनुनयाचें अंग म्हणून पारिजातहरण वर्णिणें हें इतिहासांत न दिसणारें असूनही ‘हरिविजयां’त आहे. म्हणजे वृक्ष तोच, इंद्र तोच, विजयही तोच. कवीनें बदलला तो हरणाचा हेतु. तेवढ्यानें युद्धकथेची प्रणयकथा झाली.

येथें एक गुंता उभा राहतो. रूढ हरिवंशांत नारदानें आणलेलें पारिजातपुष्प रुक्मिणीस मिळतें व सत्यभामा रुसते. परंतु भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तींत हा भाग मूळ संहितेंत नसून परिशिष्टांत आहे. तेव्हां कवीची कल्पनाच पुढें पुराणांत शिरली, कीं दोहोंनीं एखादी लोककथा उचलली? निर्णय करण्याजोगें साधन हातीं नाहीं. पण पुराण तें मूळ व काव्य तें अनुकरण, हा सरसकट नियम येथें टिकत नाहीं, एवढें निश्चित.

पुराणाची ही गत, तर इतिहासावर रचलेल्या कथेची काय? ‘दशकुमारचरिता’च्या आठव्या उच्छ्वासांत विदर्भराज पुण्यवर्मा, त्याचा व्यसनी पुत्र अनंतवर्मा व अश्मकराज वसंतभानूचें कपट यांची कथा आहे. महामहोपाध्याय मिराशी यांनीं तींत हरिषेणानंतरच्या वाकाटक ऱ्हासाची स्मृति पाहिली व पुण्यवर्म्याच्या ठिकाणीं हरिषेण कल्पिला. तर्क मार्मिक आहे. तथापि हीं नांवें वाकाटकांच्या लेखांत येत नाहींत. आणि देवीच्या मूर्तीखालीं विवर खणून विश्रुतानें त्यांतून बालराजासह प्रकट व्हावें, हा प्रसंग उघडच कथाकाराचा आहे. सामंतांची फितुरी व शेजाऱ्याचें कपट हा सांगाडा संभाव्य म्हणून घ्यावा. नांवें व प्रसंग लेखाच्या आधारावांचून घेऊं नयेत. वाकाटकांच्या अखेरीचा इतिहास बराचसा या एका कथेवर उभारला गेल्यामुळें ही सावधगिरी अधिकच अवश्य आहे.

यावरून संग्राहकाचें कर्तव्य ठरतें. ‘हरिविजया’चा हरवलेला भाग पुराणांवरून भरून काढूं म्हटल्यास, सर्वसेनानें जें स्वतःचें घातलें नेमकें तेंच गळेल. तें फक्त पोथीच देऊं शकेल. अडचण अशी कीं, ‘हरिविजय’ हें नांव दिसतांच श्रीधराचा शके १६२४ मधील ओंवीबद्ध ग्रंथ समजून रुमाल पुन्हां बांधला जातो. श्रीधराच्या प्रती घरोघर आहेत, म्हणून ही चूक स्वाभाविक आहे. तरी प्रत्येक वेळीं पहिलें पान उलगडून भाषा ओंवीची कीं प्राकृताची एवढें पाहावें. आणि पुराणाशीं न जुळणारी कथा आढळल्यास तिच्यावर ‘अशुद्ध’ असा शेरा मारण्यापूर्वीं तो फरक कोणत्या रसासाठीं केला आहे याची टीप अवश्य करावी.