तात्यांचा कागद

पुण्यात 'मी पालीचा' असं सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "अरे वा, बल्लाळेश्वर!" मग सांगावं लागतं, ते रायगडातलं. आमचं पाली बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की लागतं, बिंदुसरा धरणाजवळ. एका मित्राने तर पाली भाषा समजून मला त्रिपिटकाबद्दल विचारलं होतं. (भिंतीवरच्या पालींचा विनोद ऑफिसात तीनदा होऊन गेलाय, तो नको.)

हे आठवायचं कारण २०२३ ची दिवाळी. त्या सप्टेंबरमध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती आणि मराठवाडाभर निजामकाळातले कागद धुंडाळणं चालू होतं. पूर्वजाच्या नोंदीत 'कुणबी' हा शब्द सापडला की दाखल्याचा रस्ता मोकळा. आरक्षणाचा वाद इथे नको, पण चुलतभावाची मुलगी त्या वर्षी बारावीला होती, एवढं सांगतो. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली.

"तू कंपुटरवाला ना? वाच की मग."

मला वाटलं मोडी असेल, थोडीफार येते मला. निघालं उर्दू. तेही शिकस्ता, म्हणजे घाईत लिहायचं मोडकं अक्षर, ज्यात नुक्ते सरळ गाळलेले असतात.

आता उर्दू का? हैदराबाद संस्थानात प्रजा बोलायची तेलुगू, मराठी, कानडी. दरबारात आधी फारसी होती, १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. गावपातळीवर मोडीतली मराठी चालायची, पण सरकारी दफ्तर उर्दूचं. म्हणजे माझ्या पणजोबांनी पैसे मराठीत मोजले आणि पावती त्यांना न वाचता येणारी मिळाली!

आमच्या धंद्यातला मूळपुरुष क्लॉड शॅनन. संदेशवहनाचा त्याचा प्रसिद्ध निबंध १९४८ च्या जुलै आणि ऑक्टोबर अशा दोन अंकांत आला. मधल्या सप्टेंबरात, १३ ते १७ तारखेला, हैदराबादची पोलीस कारवाई झाली आणि आमच्या भागाचा कोडच बदलायला लागला. योगायोगच, पण मला गंमत वाटते.

शॅननचं चित्र सोपं आहे. पाठवणारा, कोडमध्ये घालणारा, मधली वाट, वाटेतला गोंगाट, उलगडणारा, घेणारा. तात्यांच्या कागदाने वाट नव्वद वर्षं नीट पार केली. गोंगाट म्हणजे वाळवीची दोन भोकं आणि चार घड्या. तेवढं चालतं, कारण भाषेत फाजील माल भरपूर असतो. इंग्रजीत तो साधारण ५० टक्के असतो असं शॅननचं गणित होतं. आमचा घोटाळा शेवटून दुसऱ्या डब्यात: उलगडणारा घरात कुणी उरलाच नाही.

पण कारकुनाने नुक्ते गाळले ते आळसाने नाही. मोडी लिहिणारेही ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत, दोन शब्दांत जागा सोडत नसत. वाचणारा शेजारच्याच गादीवर बसलेला, त्याला सगळं ठाऊक. पॉल ग्राइसने १९६७ च्या व्याख्यानांत (छापली गेली १९७५ ला) हेच मांडलं: समोरच्याला लागेल तेवढंच माणूस सांगतो, बाकीचं तो समजून घेतो. कारकून कारकुनासाठी लिहीत होता, तात्यांच्या नातीसाठी नाही. २०१४ मध्ये मोडी युनिकोडात आली तेव्हा मी फार खूश झालो होतो. आता वाटतं, कोडपॉइंट मिळाला म्हणून वाचणारा थोडाच मिळतो?

असो. बीडमध्ये ओळखीतून एक निवृत्त उर्दू शिक्षक सापडले, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी कागद उजेडात धरला. "सन १३४३ फसली." मी हबकलो. ते हसले, "त्यात ५९० मिळवा." म्हणजे १९३३. (आपलं युनिक्स १९७० पासून मोजतं, तसा प्रकार.)

मग म्हणाले, "गाव पाली की पाले? या अक्षरात दोन्ही होतं."

"पालीच," तात्या एकदम म्हणाले.

पावती शेतसाऱ्याची होती. नाव पणजोबांचं, रक्कम, तारीख.

"आन् जात?"

"ती इथे लिहिलेली नाही. पावतीला तिचं काम नव्हतं ना."

"मग कशात असतंय ते?"

"शाळेचं रजिस्टर बघा, तहसीलचं जुनं दफ्तर बघा. सापडलं तर घेऊन या, मी आहे."

तात्यांनी कागद जुन्याच घड्यांवर मोडला, पिशवीत घातला आणि मला विचारलं, तहसील उद्या उघडं असेल का.