लिव्हर फ्लूकच्या औषधाचा रक्तातला हिशेब

शिरूर-दौंडकडे जंताच्या औषधाबद्दल एक समजूत पक्की आहे. औषध पाजलं की ते पोटात उतरतं, जंत मरतात आणि शेणावाटे पडतात. काही पडलेलं दिसलं नाही, की एक तर औषध भेसळीचं, नाहीतर जंत त्याला सरावले. मग पुढच्या खेपेला डोस वाढवायचा. मेंढपाळ असं म्हणतो, दूधवाला म्हणतो आणि औषधाच्या दुकानातही हेच ऐकू येतं.

हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. आतड्यातल्या पट्टकृमींचे तुकडे शेणात दिसतात, आणि त्या जंतांशी औषधाची गाठ बरीचशी आतड्यातच पडते. पण लिव्हर फ्लूक आतड्यात मुक्कामाला नसतोच. कालव्याच्या पाझराला, उसाच्या कडेला साचलेल्या पाण्यात, घोड-भीमेच्या काठच्या दलदलीत पाणगोगलगायी वाढतात. त्यांच्यातून बाहेर पडलेली फ्लूकची पिल्लं ओल्या गवताला चिकटतात आणि चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात जातात. तिथून आतडं भेदून ती यकृतात शिरतात, आठवडेच्या आठवडे यकृत पोखरतात आणि शेवटी पित्तनलिकेत स्थिरावतात. आपल्याकडच्या फॅसिओला जायगँटिका या जातीला अंडी घालण्याच्या वयाला यायला सुमारे तीन महिने लागतात. औषधाला या जंतापर्यंत पोचायचं तर रक्त आणि यकृत यांतूनच जावं लागतं.

क्लोसँटेल, रॅफोक्सॅनाइड आणि ऑक्सिक्लोझॅनाइड ही एका कुळातली औषधं. रक्तात शिरल्यावर ती जवळजवळ पूर्णपणे अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतात. मोठा फ्लूक रक्त पितो, म्हणून औषध त्याच्या पोटात जातं. लहान फ्लूक यकृताचा गर खातो, त्याच्या वाट्याला ते फारसं येत नाही. मेंढीच्या रक्तातलं क्लोसँटेल निम्म्यावर यायला सुमारे चौदा दिवस लागतात, रॅफोक्सॅनाइडला त्याहून थोडे अधिक, तर ऑक्सिक्लोझॅनाइडला फक्त सहा-साडेसहा. पहिली दोन रक्तात टिकून राहतात, म्हणून सहा आठवड्यांच्या आसपासचे फ्लूकही त्यांच्या तडाख्यात सापडतात. ऑक्सिक्लोझॅनाइड मोठ्यांनाच मारतं. ते पाजल्यावर महिन्या-दीड महिन्यानं जबड्याखाली पुन्हा पाणी उतरलं, तर त्या दिवशी यकृतात असलेली पिल्लं आता मोठी झाली आहेत, हा पहिला संशय घ्यायला हवा. औषधाला भेसळीचं म्हणणं त्यानंतरचं. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन तर फ्लूकवर चालतच नाही. ते टोचून ‘सगळे जंत गेले’ म्हणणारे ऐकले की वाईट वाटतं.

ट्रायक्लाबेंडॅझोलची वाट वेगळी आहे. पाजलेल्या रूपात ते रक्तात जवळजवळ सापडत नाही. जनावराचं यकृतच त्याचं सल्फॉक्साइड करतं, त्यातून पुढे सल्फोन होतं, आणि फ्लूकवर ही रूपं काम करतात. मेंढीत सल्फॉक्साइड साधारण एका दिवसानं कळसाला पोचतं. आठवड्याभराच्या पिल्लांनाही मारणारं असं दुसरं औषध रोजच्या वापरात नाही. रवंथाच्या कोठ्यात औषध चाऱ्याच्या कणांना धरून राहतं आणि तिथून हळूहळू सुटतं. पाजताना ते अन्ननलिकेच्या पन्हळीतून कोठा चुकवून थेट पुढे गेलं, तर लवकर वाहून जातं. म्हणून नळी जिभेच्या उंचवट्यामागे नेऊन सावकाश पाजायचं असतं. आदल्या रात्री चारा कमी दिला तर हे औषध अधिक शोषलं जातं, मात्र गाभण आणि अशक्त जनावरांना उपाशी ठेवू नये.

‘सरावले’ हा आक्षेप मी झिडकारत नाही. ट्रायक्लाबेंडॅझोलला दाद न देणारे फ्लूक ऑस्ट्रेलियात 1995 सालीच नोंदले गेले आणि नंतर इतर देशांतही सापडले. पण आपल्या कळपात तसं झालं म्हणायला पुरावा हवा. जंत मेल्यावरही पित्ताशयात साठलेली अंडी दोन-तीन आठवडे शेणात येत राहतात. आठव्या दिवशी नमुना तपासून औषध निकामी ठरवणं घाईचं होतं. तीन आठवडे थांबून पुन्हा तपासावं, आणि त्याआधी जनावराचं वजन नीट धरलं होतं का ते पाहावं.

सगळ्यात मोठा घोळ जनावरांच्या जातींचा आहे. धनगरांच्या कळपात मेंढ्यांबरोबर चार शेळ्या असतात आणि एकाच बाटलीतून एकाच मापानं सगळ्यांना पाजलं जातं. मेंढीच्या रक्तात दोन आठवड्यांनीही निम्मं उरणारं क्लोसँटेल शेळीत चार-पाच दिवसांतच निम्म्यावर येतं. अल्बेंडॅझोलसारखी औषधंही शेळीचं शरीर लवकर निकाली काढतं. म्हशीचंही तसंच. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळात 1990च्या दशकात पी. के. सन्याल आणि सहकाऱ्यांनी ट्रायक्लाबेंडॅझोलचा अभ्यास केला, तेव्हा गाईची मात्रा म्हशीला अपुरी पडते असं दिसलं. आपल्या गोठ्यात तर गाय आणि म्हैस शेजारी-शेजारी बांधलेली असते.

यावर कुणी म्हणेल, मग शेळीला सरसकट दुप्पट पाजू. नको. क्लोसँटेल आणि रॅफोक्सॅनाइड प्रमाणाबाहेर गेलं तर दृष्टीची नस आणि डोळ्याचा पडदा खराब होऊन मेंढ्या-शेळ्या आंधळ्या होतात, आणि ती दृष्टी बहुधा परत येत नाही. रक्तात रेंगाळणारं औषध दुधातही उतरतं. म्हणून दुभत्या जनावराला कोणतं द्यायचं आणि किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. दवाखान्यातून किंवा दुकानातून बाटली घेताना तीन गोष्टी सांगितल्या गेल्याच पाहिजेत: औषध किती वयाच्या फ्लूकला मारतं, शेळी आणि म्हैस यांची मात्रा किती, आणि दूध कधीपासून चालेल. त्या सांगितल्या नाहीत तर पशुपालकानं तिथेच उभं राहून विचाराव्यात.