झाकणाची वाटी

न्यू जर्सीतल्या पॅलिसेड्स पार्क गावात ब्रॉड अव्हेन्यूवर गेलं की दुकानांच्या पाट्या कोरियन होतात. तिथल्या एका छोट्या खानावळीत आम्ही बरीच वर्षं जातो. आठ टेबलं. नवरा स्वयंपाकघरात, बायको गल्ल्यावर आणि वाढायलाही, मुलगी सुट्टीच्या दिवशी मदतीला. कोरियन गिऱ्हाइकं त्या बाईंना 'इमो' अशी हाक मारतात. इमो म्हणजे आईची बहीण, आपली मावशीच. भाताला त्यांच्याकडे 'बाप' म्हणतात, यावर आमच्या मुलाचं हसून झालेलं आहे. आणि 'कसं काय?' म्हणावं तसं कोरियन माणूस 'जेवलात का?' विचारतो, तेव्हा परकं काही वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. तिला तिथे घेऊन गेलो. टेबलावर किमची, मोड आलेले सोयाबीन, पालक, मुळा अशा सात-आठ बशा न मागता आल्या. मग उकळतं सुनदुबू आलं आणि प्रत्येकापुढे स्टीलची, झाकण घातलेली भाताची वाटी. आईने झाकण काढलं, वाटी हातात घेऊन खालून-वरून पाहिली. आपल्याकडच्यासारखं कुणाचं नाव घातलंय का, ते शोधत होती. मग म्हणाली, "पोरालाबी एवढीच आन् बाप्यालाबी एवढीच? असं कसं?"

प्रश्न बरोबर होता. कोरियन हॉटेल सोलमधलं असो की न्यू जर्सीतलं, भाताची वाटी बहुतेक एकाच मापाची असते. ती तशी का, याला इतिहास आहे.

कोरियात पूर्वी भाताचे वाडगे चांगले मोठे असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला काढलेल्या छायाचित्रांत माणसापुढे शिगोशिग भरलेला वाडगा दिसतो. ऐपत असलेल्या घरांत हिवाळ्यात पितळी भांडी आणि उन्हाळ्यात चिनी मातीची अशी रीत होती. पण भात रोज मिळणं हे सगळ्यांच्या नशिबी नव्हतं. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. १९२०पासून जपान सरकारने तिथे तांदळाचं पीक वाढवण्याची मोठी योजना राबवली, पण पिकलेला तांदूळ मोठ्या प्रमाणावर जपानला जाई आणि पिकवणाऱ्याच्या घरी मांचुरियातून आणलेली भरड धान्यं शिजत. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षांत तर घरातली पितळी भांडीसुद्धा युद्धासाठी गोळा करून नेली. मग फाळणी, आणि १९५० ते १९५३चं युद्ध. आधीच्या हंगामातला तांदूळ संपलेला आणि जव अजून शेतात हिरवा, अशा वसंतातल्या उपाशी दिवसांना कोरियन भाषेत 'जवाची खिंड' म्हणतात. ती ओलांडली की माणूस जगला.

युद्धानंतर अमेरिकेतला शिल्लक गहू मदत म्हणून येऊ लागला. सरकार लोकांना सांगू लागलं, भात कमी खा, जव मिसळा, पिठाचे पदार्थ खा. १९६३ साली कोरियातल्या पहिल्या झटपट नूडल्स बाजारात आल्या, त्या याच काळात. पुढे हॉटेलांवर बुधवारी आणि शनिवारी ठरावीक वेळात भात विकायला बंदी आली. तांदळापासून दारू गाळायलाही मनाई होती. शाळेत मास्तर मुलांचे डबे उघडून भातात जव आहे की नाही ते पाहत. आणि १९७६ साली सोल शहराने हॉटेलांसाठी भाताच्या वाटीचं मापच ठरवून दिलं: साडेदहा सेंटीमीटर व्यास, सहा सेंटीमीटर उंची. पुढे हेच माप देशभर रूढ झालं. मोठा वाडगा गेला, तो परत आला नाही.

आपल्या वाचकांपैकी ज्यांची साठी उलटली आहे त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. अमेरिकन गहू आपल्याकडेही त्याच कायद्याखाली आला, पीएल-४८०. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळी न जेवण्याचं आवाहन केलं, तेव्हा त्या संध्याकाळी हॉटेलंही बंद राहत. त्यातून बाहेर पडायची वाटसुद्धा दोघांची काहीशी एकाच ठिकाणाहून जाते. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचं आय.आर. ८ हे बियाणं भारतात आलं, आणि त्याच वाणाशी संकर करून कोरियाचं 'तोंगिल' तयार झालं. तोंगिलची चव कोरियन लोकांना फारशी आवडली नाही, पण पोटं भरली. १९७७च्या सुमाराला कोरिया तांदळात स्वयंपूर्ण झाला.

एवढं सगळं मी आईला थोडक्यात सांगितलं. मावशींची मुलगी पाण्याचा जग घेऊन जवळच उभी होती, तिने ते आपल्या आईला कोरियनमध्ये सांगितलं. मावशी हसल्या आणि लेकीकरवी म्हणाल्या, की त्यांची आई डब्यात तळाला पांढरा भात भरायची आणि वरून जवाचा एक थर लावायची. मास्तरांना वरचंच दिसायचं.

आई म्हणाली, "आमचा डबा कुनी तपासला न्हाई. डब्यात काय नव्हतंच."

मग तिने जे सांगितलं ते मी पन्नाशीला टेकेपर्यंत ऐकलेलं नव्हतं. १९७२च्या दुष्काळात ती तेरा वर्षांची होती. सांगोल्याजवळच्या आमच्या आजोळी भात तसाही सणासुदीलाच. पण त्या वर्षी ज्वारीही नव्हती. ती दुष्काळी कामावर आजीबरोबर पाट्या वाहायची. खायला अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो. तिची भाकरी धड थापता यायची नाही, कडा फाटायच्या, रंग विटेसारखा. कामावर पोरांना सुकडी मिळायची, ती आई धाकट्या भावाला पदरात बांधून आणायची. "मिलो जनावरांचं खानं हाय म्हनायची लोकं. आमी खाल्लं." लेक इंग्रजीतून कोरियनमध्ये सांगत होती. मिलोला कोरियन शब्द तिला सापडेना. मावशींनी तो न सांगताच मान हलवली.

१९६५ साली अमेरिकेने देशवार कोट्याचा जुना कायदा बदलला. पुढच्या वर्षांत कोरियन आले, आपण आलो. त्यांच्यातल्या अनेक शिकलेल्या माणसांनी भाषेपायी आणि न चालणाऱ्या पदव्यांपायी दुकानं, खानावळी थाटल्या. आपल्यातले बरेचजण ऑफिसांत गेले. शेजारशेजारच्या गावांत राहूनही आपण एकमेकांना गिऱ्हाईक आणि दुकानदार एवढेच ओळखतो. त्या दिवशी आमच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या बाई आणि माझी आई एकाच वयाच्या आहेत, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मुलाने अर्धी वाटी भात टाकला होता. एरवी मी त्याला रागावलो असतो. आईने काही न बोलता वाटी स्वतःकडे ओढली आणि संपवली. त्याच वेळी मावशी आणखी एक भरलेली वाटी घेऊन आल्या आणि आईपुढे ठेवून गेल्या. ती बिलात लावली नव्हती.

कोरियात आता माणसं भातच खाईनाशी झाली आहेत. १९७० साली दरडोई वर्षाला १३६ किलो तांदूळ लागे, आता साठ किलोही लागत नाही, आणि सरकारला शिल्लक तांदळाची चिंता आहे. वाटी मात्र तीच आहे.

जाताना आईने कोरियन दुकानातून तसल्या सहा वाट्या घेतल्या. सांगोल्याला पोहोचताच भांड्यांच्या दुकानात नेऊन त्यांवर नाव घालून घेतलं. परवा फोनवर म्हणाली, "भाताला ल्हान पडत्यात. पर दह्याला बऱ्या हायेत."