पाण्यातला व्यायाम: गुडघा, कंबर आणि लकव्याच्या रुग्णांना किती उपयोगी? मुंबईत कुठे जावं, गावात काय करावं?

कुर्ला (मुंबई): कोकण, खानदेश आणि विदर्भातून दवाखान्यासाठी मुंबईला येणारे बरेच जण कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरतात. हातात एक्स-रेची पिशवी असते आणि मुक्काम कुर्ला, घाटकोपर नाहीतर चेंबूरच्या नातेवाइकाकडे. कुणाचा गुडघा धरलेला असतो, कुणाची कंबर आखडलेली, कुणाच्या एका बाजूवरून वारं गेलेलं. डॉक्टर फिजिओथेरपी लिहून देतात. शहरातला नातेवाईक सांगतो, पाण्यात व्यायाम करा. गावाकडचे म्हणतात, गरम पाण्याच्या कुंडावर आठ दिवस राहून या. यातलं खरं काय, कुणी काय करावं आणि काय टाळावं, याची ही माहिती.

पाण्यातला व्यायाम म्हणजे काय?

पाण्यातला व्यायाम म्हणजे पोहणं नव्हे. पोहता न येणाऱ्यालाही तो करता येतो, कारण पाय तळाला टेकलेले असतात. कमरेइतक्या किंवा छातीइतक्या पाण्यात उभं राहून चालणं, पाय उचलणं, अर्धं बसून उठणं अशा हालचाली फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करायच्या असतात. उपचारासाठी बांधलेल्या टाकीतलं पाणी साधारण ३३ ते ३६ अंश सेल्सिअस, म्हणजे कोमट ठेवतात. पोहण्याच्या साध्या तलावातलं पाणी त्यापेक्षा गार असतं. गार पाण्यात दुखरा सांधा जास्त आखडतो, हा फरक लक्षात ठेवावा.

पाण्यात दुखणं कमी का होतं?

विहिरीतून पाणी शेंदलेल्या माणसाला हे लगेच कळेल. भरलेली बादली पाण्यात असते तोवर हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की दोर हाताला ओढ देतो. माणसाच्या शरीराचंही तसंच होतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर वजनाचा अंदाजे निम्मा भार येतो. छातीइतक्या पाण्यात साधारण एक तृतीयांश उरतो आणि मानेपर्यंतच्या पाण्यात दहावा हिस्सा. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या गुडघ्यांना कमरेइतक्या पाण्यात ३५ किलोच्या आसपासच वजन पेलावं लागतं. जमिनीवर चार पावलं टाकताना कळ येणारा माणूस पाण्यात वीस पावलं चालू शकतो तो यामुळे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या अडवण्याची. हात हळू फिरवला तर पाणी वाट देतं, जोरात फिरवला तर अडवतं. त्यामुळे वजनं न उचलताही स्नायूंना ताकदीचा व्यायाम होतो आणि जोर किती लावायचा हे रुग्णाच्या हातात राहतं. तिसरी गोष्ट दाबाची. पाणी पायांना चारी बाजूंनी दाबतं, त्यामुळे सूज उतरायला मदत होते. शिवाय तोल गेला तर माणूस जमिनीवर आपटत नाही. लकव्यानंतर पडण्याची धास्ती घेतलेल्या रुग्णाला याचा मोठा आधार वाटतो.

फायदा किती? खरं काय?

गुडघा आणि खुब्याच्या संधिवातावर झालेल्या १३ अभ्यासांचा, म्हणजे ११९० रुग्णांचा एकत्र आढावा कोक्रेन या संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केला. पाण्यातल्या व्यायामाने दुखणं थोडं कमी होतं, हालचाल थोडी सुधारते, पण हा फायदा थोड्या काळापुरता दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होता. झिजलेला सांधा पाण्याने भरून येत नाही.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. १९२१ साली आजारपणात त्यांचे पाय गेले. १९२४ पासून ते जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्स इथल्या कोमट झऱ्यात व्यायाम करायला जाऊ लागले. तिथे त्यांना बळ आलं, हुरूप आला, इतर रुग्णांसाठी त्यांनी तिथे केंद्रही उभं केलं. पण आधाराशिवाय ते पुन्हा कधी चालू शकले नाहीत.

थोडक्यात, ज्याला दुखण्यामुळे जमिनीवर व्यायाम सुरूच करता येत नाही, त्याला पाण्यातून सुरुवात करता येते. वजन जास्त असलेले, दोन्ही गुडघे धरलेले, शस्त्रक्रियेनंतर जखम पूर्ण भरलेले, लकव्यानंतर उभं राहू लागलेले रुग्ण यात येतात. पुढे मात्र जमिनीवर यावंच लागतं. बांधावरून चालायचं, एसटीची पायरी चढायची, तर पाय जमिनीवरच तयार व्हायला हवा.

पाण्यात कुणी उतरू नये?

- उघडी जखम, ताजे टाके, त्वचेचा संसर्ग किंवा ताप असलेले
- फिट येणारे (आटोक्यात नसेल तर अजिबात नाही)
- रक्तदाब आटोक्यात नसलेले, हृदय कमजोर असलेले, दम लागणारे. छातीवर पाण्याचा दाब येतो आणि हृदयाला जास्त काम पडतं
- लघवी-संडासवर ताबा नसलेले
- मधुमेहामुळे पायाची जाणीव गेलेले. तळाची खरचट त्यांना कळत नाही आणि तिचीच पुढे जखम चिघळते

डॉक्टरांना विचारल्याशिवाय या लोकांनी पाण्याच्या वाटेला जाऊ नये.

पाण्यात नेमकं काय करतात?

सुरुवातीला पाच मिनिटं कठडा धरून चालणं, पुढे, मागे आणि खेकड्यासारखं आडवं. मग कठडा धरून एक पाय सरळ ठेवून पुढे, मागे, बाजूला नेणं, दहा-दहा वेळा. नंतर अर्धं बसून उठणं आणि टाचा वर करणं. एकूण वीस ते तीस मिनिटं, आठवड्यातून दोन-तीन वेळा. पाण्यात घाम आलेला कळत नाही, म्हणून आधी आणि नंतर पाणी प्यावं. बाहेर येताना अंग एकदम जड लागतं, पायऱ्या सावकाश चढाव्यात. रुग्णाने एकट्याने कधीच उतरू नये.

विहीर, शेततळं, गरम पाण्याची कुंडं: इथेच घात होतो

हे वाचून कुणी शेततळ्यात उतरू नये. तळ्याचा प्लास्टिक कागद शेवाळाने निसरडा होतो, कडा उतरत्या असतात आणि धरायला काही नसतं. धडधाकट पोहणारी पोरंही तिथून वर येऊ शकत नाहीत, गुडघेदुखीचा रुग्ण कसा येणार? विहीर आणि नदीच्या डोहाचंही तेच.

ठाणे जिल्ह्यातली वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, रत्नागिरीतली उन्हवरे, राजवाडी, तुरळ, नांदेडमधलं उनकेश्वर इथली गरम पाण्याची कुंडं प्रसिद्ध आहेत. गरम पाण्याने स्नायू सैल पडतात, तात्पुरतं बरं वाटतं, हे खरं आहे. पण नुसतं बसून राहणं म्हणजे व्यायाम नव्हे. काही ठिकाणी पाणी भाजेल इतकं गरम असतं. मधुमेही माणसाला पाय भाजल्याचं कळत नाही. रक्तदाबाच्या रुग्णाला कुंडातून एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते. जायचंच तर श्रद्धेने जावं, थोडा वेळ बसावं, पण चालू असलेली औषधं आणि व्यायाम त्यासाठी बंद करू नये.

निसर्गोपचारातलं पाणी वेगळं

१९४६ साली महात्मा गांधींनी पुणे जिल्ह्यातल्या उरुळी कांचन इथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला. पुढे मणिभाई देसाई यांनी तो वाढवला. पुण्यात बापू भवनमध्ये केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थाही आहे. तिथले कटिस्नान, पाण्याच्या पट्ट्या, मातीचा लेप हे उपचार आणि फिजिओथेरपीतला पाण्यातला व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावात पाणी आहे म्हणून एकाच्या जागी दुसरं धरू नये.

इतर पद्धती: कशाचा किती उपयोग?

*आरसा:* लकव्यात एक हात गेलेल्यांसाठी सगळ्यात स्वस्त पद्धत. टेबलावर आरसा उभा धरायचा, गेलेला हात त्याच्या मागे आणि चांगला हात समोर. आरशात बघत चांगल्या हाताची मूठ उघडायची, मिटायची. मेंदूला वाटतं, दुसराच हात हलतोय. मूळचे भारतीय असलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात तुटलेल्या रुग्णांच्या वेदनेसाठी ही युक्ती पुढे आणली, नंतर ती लकव्यातही वापरली जाऊ लागली. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतली की घरी करता येते.

*चांगला हात बांधून ठेवणं:* चांगल्या हाताला मोजा घालून दुबळ्या हाताकडूनच काम करवून घेतात. मनगट आणि बोटं थोडी तरी हलत असतील तरच, आणि सल्ल्यानेच.

*योग:* जुनाट कंबरदुखीत उपयोग होतो. पण गुडघे झिजलेल्यांनी वज्रासन आणि मणक्याची नस दबलेल्यांनी पुढे वाकण्याची आसनं हट्टाने करू नयेत.

*सुई टोचणं, रंगीत पट्ट्या चिकटवणं:* काहींना तात्पुरता आराम पडतो. व्यायामाला जोड म्हणून ठीक, व्यायामाऐवजी नाही.

*हाडवैद्याकडे ओढून-ताणून घेणं:* मोडलेल्या हाताला बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्याने रक्तपुरवठा थांबतो, बोटं काळी पडतात, कधी हात कापावा लागतो. आधी एक्स-रे, मग बाकी सगळं.

कुर्ल्यात उतरल्यावर कुठे जावं?

देशातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय मुंबईतच, परळच्या केईएम रुग्णालयात, १९५३ साली सुरू झालं. त्या काळात पोलिओने अपंग झालेल्या मुलांचा प्रश्न मोठा होता आणि जागतिक आरोग्य संघटनेची या कामाला मदत होती.

- *लोकमान्य टिळक रुग्णालय, शीव (सायन रुग्णालय):* कुर्ल्याहून धीम्या लोकलने पुढचंच स्टेशन. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही विभाग आहेत.
- *केईएम रुग्णालय:* त्याच मार्गावर परळला उतरावं.
- *अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था, हाजी अली:* केंद्र सरकारची, १९५५ सालची. लकवा, मणक्याची इजा, कृत्रिम पाय, कॅलिपर यांसाठी. दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरावं.

चेंबूरला महापालिकेचा जनरल अरुणकुमार वैद्य जलतरण तलाव आहे, पण तो पोहण्याचा तलाव आहे, उपचाराचा नाही. पाण्यातला व्यायाम आपल्याला हवा का आणि तो कुठे मिळेल, हे आधी रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टलाच विचारावं. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. जुने एक्स-रे, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्या, आधार आणि रेशन कार्ड सोबत ठेवावं.

सरकारी रुग्णालयात तलाव नाही म्हणून नाराज होऊ नये. पहिल्याच भेटीत आपले चार-पाच व्यायाम नीट शिकून घ्यावेत, मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ काढू द्याल का, असं विचारावं, आणि पुढचे व्यायाम गावाजवळच्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात करता येतील का, हे लिहून घ्यावं. महिनाभर मुंबईत खोली घेऊन राहण्याचा खर्च त्याने वाचू शकतो.

तलाव नसला तरी गुडघ्यासाठी घरी हे करा

१. खाटेवर किंवा खुर्चीवर बसून पाय सरळ करा, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, खाली आणा. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा.
२. पाठीवर झोपून एक गुडघा वाकवा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचला. दहा वेळा.
३. उंच खुर्चीवरून हाताचा आधार घेऊन उठा-बसा. दहा वेळा.
४. उकिडवं बसून खुरपणं, भाकरी थापणं कमी करा. जमेल तिथे चौरंग, ओटा, कमोडची खुर्ची वापरा.

व्यायामानंतर थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलं राहिलं तर व्यायाम निम्मा करा. सांधा लाल, गरम होऊन सुजला किंवा ताप आला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

लकव्यासाठी वेळ महत्त्वाची

तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही अचानक दिसलं तर मालीश, झाडपाला, देवऋषी यात वेळ घालवू नका. लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. नंतरची सुधारणाही पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, म्हणून व्यायाम डॉक्टरांनी परवानगी दिल्या दिवसापासून सुरू करावा. पाण्यात उतरायचं की नाही, हे त्यानंतर ठरवता येतं.