रात्रीच्या टपालाची विमानं आणि घुग्घुसवरची रेषा

मागच्या वेळी आपण वर्धा खोऱ्यातला कोळसा रेल्वेनं बाहेर कसा गेला ते पाहिलं. आज जरा वर बघू या.

दिल्ली ते चेन्नई हवाई अंतर सुमारे 1760 किलोमीटर. मुंबई ते कोलकाता सुमारे 1660. पृथ्वीच्या गोळ्यावर या दोन रेषा ताणल्या तर त्या कुठं छेदतात? जवळजवळ नागपुरावरच. दिल्ली–नागपूर 855 आणि नागपूर–चेन्नई 910 अशी बेरीज केली, तरी सरळ अंतरापेक्षा पाचदहा किलोमीटरच जास्त भरतात. मुंबई–कोलकात्याचंही तसंच. झिरो माईलचा दगड देशाचा मध्य आहे की नाही यावर लोक हिरीरीनं भांडतात. आपल्याला त्यापेक्षा ही बेरीज महत्त्वाची वाटते.

कारण जानेवारी 1949 मध्ये तिच्याच जोरावर रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. चार महानगरांतून रात्री डाकोटा विमानं निघत, मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र येत, तिथं टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत विमानं आपापल्या मुक्कामी. डाकोटाचा वेग ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. म्हणजे चारही शहरं नागपूरपासून साधारण अडीच ते चार तासांवर. एका रात्रीत जमेल असं हे गणित दुसऱ्या कुठल्या गावाला बसलं असतं? त्याच वर्षी एप्रिलपासून साधी पत्रंसुद्धा जादा आकार न घेता विमानानं जाऊ लागली.

पण ही सगळी अंधारातली उड्डाणं होती. 12 डिसेंबर 1953 च्या रात्री चेन्नईकडे, तेव्हाच्या मद्रासकडे निघालेलं विमान सोनेगावहून उडताच कोसळलं. 13 माणसं गेली. सकाळी हातात पडणाऱ्या पत्राला हीही किंमत होती, हे आपण विसरतो.

आता घुग्घुसकडे येऊ. नागपूर–चेन्नई रेषा नकाशावर दक्षिणेला ओढा. ती घुग्घुस आणि चंद्रपूर यांच्या मधून जाते, आपल्यापासून आठदहा किलोमीटरवर. आणि गंमत म्हणजे मोरव्याची धावपट्टी जवळजवळ त्याच रेषेत येते! तिथं पुढाऱ्यांची विमानं उतरतात, तिकीट काढून बसायची सोय मात्र नाही.

तेव्हा घुग्घुसच्या माणसाचं चेन्नई किती लांब? सरळ रेषेत 780 किलोमीटर. विमानानंच जायचं तर आधी उलट्या दिशेनं, उत्तरेला दीडशे किलोमीटर मोटारीनं नागपूर, आणि तिथून 910. झाले 1060. वर, खिडकीची जागा मिळाली आणि धूर-धुकं नसलं, तर उड्डाणानंतर थोड्याच वेळात खाली वर्धेचं पात्र आणि आपल्याच खाणी दिसायच्या.