वचन आणि साक्ष

दरबारात दुष्यंताने ओळख नाकारली, तेव्हा शकुंतलेच्या हाती अंगठी उरली नव्हती आणि गांधर्वविवाहाला साक्षीदार नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या 'संगीत शाकुंतला'मुळे हा प्रसंग आपल्या घराघरांत परिचित आहे. युरोपातील ख्रिस्ती धर्मसत्तेसमोर नेमका हाच प्रश्न कित्येक शतके उभा होता, हे मात्र आम्हांस फारसे ठाऊक नसते.

बाराव्या शतकात पोप तिसरे अलेक्झांडर यांच्या निर्णयांनी असे स्थिरावले, की वधूवरांची संमती हाच विवाहाचा प्राण. 'तुला पत्नी म्हणून स्वीकारतो' असे म्हटले की विवाह झाला. 'स्वीकारीन' म्हटले तर तो केवळ वाङ्निश्चय. परंतु त्या वाङ्निश्चयानंतर शरीरसंबंध घडला, तर तोही विवाहच मानला जाई. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने गुप्त विवाहांस मनाई केली आणि विवाहाची पूर्वघोषणा आवश्यक ठरविली. तरीही गुप्तपणे झालेला विवाह निषिद्ध असूनही वैधच राही.

याचा परिणाम स्त्रीला भोगावा लागे. एकांतात वचन देऊन पुढे दुसरीशी उघड लग्न करणाऱ्या पुरुषापुढे पहिलीचा शब्द सिद्ध होत नसे. ११ नोव्हेंबर १५६३ रोजी ट्रेंटच्या परिषदेने 'तामेत्सी' हा निर्णय केला, त्यात ही फसवणूक स्पष्टपणे नोंदविलेली आहे. यापुढे तीन सणावारी जाहीर घोषणा, धर्मगुरूंची व दोन-तीन साक्षीदारांची उपस्थिती आणि नोंदवही असा क्रम ठरला. धर्मगुरू व साक्षीदार यांच्याविना झालेला विवाह रद्दबातल मानला जाणार होता. मंदिरातील आशीर्वादापूर्वी वधूवरांनी एका घरात राहू नये, असाही उपदेश होता. आईवडिलांच्या अनुमतीविना झालेले लग्न अवैध ठरवावे, ही फ्रान्सची मागणी मात्र परिषदेने मानली नाही.

पोर्तुगालने ट्रेंटचे निर्णय १५६४ साली स्वीकारले आणि १५६७ साली गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. लग्न उघड असावे, हा आग्रह गोव्यात पुढे घरात शिरला, हेही सांगितले पाहिजे. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती लग्नघरांतील ओव्या व हळद यांवर बंदी घातली. संरक्षणासाठी आलेली सत्ता अशी आईआजीच्या गाण्यावरही चालली.

तथापि मूळ हेतू विसरू नये. विवाहापूर्वीच्या संयमाच्या शिकवणीकडे आपण केवळ देहाविषयीचा संकोच म्हणून पाहतो. ट्रेंटच्या निर्णयात तिची दुसरी बाजू दिसते: ज्या वचनाला साक्ष नाही, त्याच्या भरवशावर कोणी आपले आयुष्य ओतू नये. आपल्याकडे अंतरपाट दूर होताना चहूबाजूंनी अक्षता पडतात, तेव्हा जमलेले आप्तही साक्षीदारच असतात. शकुंतलेपाशी नेमके तेच नव्हते.