हा त पटच झाला!

परवाच्या रविवारी अकोल्याबाहेर एका पडीक शेतात आम्ही तिघं दिवसभर उन्हात होतो. मी, मामा आणि मामेभाऊ. सोबत मामेभावाची जुनी मारुती 800, बारा प्लास्टिकचे शंकू, खडू, हवेचा पंप आणि एक स्टॉपवॉच. (बायकोचं म्हणणं असं की बाकी सगळं नेलं, डोकं तेवढं घरी ठेवलं. असो!)

मामेभावाला सध्या ऑटोक्रॉसचं वेड लागलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदानावर शंकू मांडून वळणावळणांचा रस्ता आखायचा. बहुतेक वेळा गाडी एकटीच पळते. शेजारी कोणी नाही, मागे कोणी नाही, शर्यत फक्त घड्याळाशी. शंकू पडला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात शेतातल्या गवतावर हा खेळ वाढला. अमेरिकेत त्याला रिकाम्या विमानतळांच्या धावपट्ट्या आणि पार्किंगची मैदानं मिळाली, तिथली राष्ट्रीय स्पर्धा 1973 पासूनची. आपल्याकडे तो बहुतेक मातीवरच चालतो.

हे सगळं मामानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे घडीशीच भिडाचं? हा त पटच झाला ना बापू!"

तेव्हा आम्ही हसलो. घरी आल्यावर मात्र वाटलं, मामा अगदी बरोबर बोलला.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी : पट म्हणजे शंकरपट. सातारा-सांगलीकडे बरेच गाडे एकदम सुटतात. आमच्याकडे बैलजोडी हलक्या छकड्याला जुंपून सरळ पट्ट्यावर पळवतात. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारी सुटतात, पण शेवटी बोलतं ते घड्याळ. निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा कृषक सुधार मंडळाचा पट तर नावाजलेला, तिथे बायकाही धुरकरी म्हणून जोड्या हाकतात. मामाचं गाव तिथून जवळच, आणि मामा एके काळचा धुरकरी.

त्या दिवशी गाडीची तयारी बघताना मामा प्रत्येक गोष्टीला त्याच्या काळातली जोड सांगत होता. स्टेपनी आणि मागची सीट काढून वजन उतरवलं, तर म्हणे छकड्याचंही तेच, बळकट पाहिजे पण एक लाकूड जास्त नको. चाकं हातानं फिरवून पाहिली, तर म्हणे आखाला वंगण कमी पडलं की जोडी कितीही चांगली असो, टाईम गेला. टायरच्या कडेला खडूची रेघ ओढून, वळणात टायर किती कलतो ते पुसलेल्या खडूवरून बघत होतो, तेव्हा त्याला बैलाच्या पायाची पत्री आठवली. ती कुठल्या बाजूनं झिजली त्यावरून बैल पाय कसा टाकतो ते कळायचं.

800 चं इंजिन पुढच्या चाकांना ओढतं. त्यामुळे मातीवर जोरात वळलं की नाक सरळच जायला बघतं. त्यावर साधा उपाय म्हणजे मागच्या चाकांत हवा थोडी वाढवायची. मागचा भाग जरा सैल सुटतो आणि नाक आत येतं. पण एका वेळी एकच बदल करायचा, तीन फेऱ्या मारायच्या, वहीत लिहायचं. आणि मधेमधे पुन्हा पहिल्यासारखी हवा करून एक फेरी मारायची. कारण काळी माती फेरीगणिक उकरली जाते, आणि वेळ गाडीमुळे बदलली की जमिनीमुळे हे नाहीतर कळत नाही. सकाळी 48.6 सेकंद लागत होते, दुपारी 46.9 वर आलो. मामेभाऊ हवेत!

"अजून एक," तो म्हणाला. तापमानाचा काटा चढलेला होता. मामानं बॉनेटवर हात टेकवला आणि लगेच उचलला. "थांब. दम घेऊ दे तिले."

"बाबा, गाडी आहे ती. बैल नाही."

मामा काही बोलला नाही. बाभळीखाली जाऊन बसला. मीही गेलो. मग बऱ्याच वेळानं त्यानं सांगितलं, आणि ते मी आजवर त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्याच्या जोडीची आयुष्यातली सगळ्यात कमी वेळ ज्या दिवशी लागली, त्या दिवशी त्याच्या काठीला आर होती. खिळा. बक्षीस घेऊन घरी आला तर उजव्या बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्त वाळलेलं. आजीनं हळद लावली आणि दोन दिवस मामाशी बोलली नाही.

"तो टाईम माया नोता," मामा म्हणाला. "त्या खिळ्याचा होता."

पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक असेल. 2011 साली केंद्र सरकारनं अधिसूचना काढून बैलांच्या अशा खेळांवर बंदी आणली. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या. 2017 मध्ये राज्यानं कायदा बदलला, तो उच्च न्यायालयात अडला. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना अटींवर परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा योग्य ठरवला. काठी, चाबूक, आर यांना मनाई कायम आहे.

2014 च्या बंदीनंतर मामानं जोडी विकली. त्या वेळी आम्ही सगळे न्यायालयाला नावं ठेवत होतो. ढेप-सरकी खाऊन आणि पोळ्याची खांदेमळणी घेऊन वाढलेली जनावरं, त्यांना कोण छळतं? असं मीही तावातावानं बोललो होतो. मामा तेव्हाही गप्पच होता. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला परवा कळला.

घड्याळ वेळ सांगतं, ती कशाच्या जोरावर आली ते सांगत नाही. गाडीत निदान काटा असतो. बैलाला काटा नाही, तो बोलतही नाही. म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी नियम लिहावा लागतो, आणि तो लिहिला जाईपर्यंत माझ्या आजीसारखं कुणीतरी अबोला धरतं.

पट पुन्हा सुरू झाले याचा मला आनंदच आहे. यंदा मामाला घेऊन तळेगावला जायचं ठरलंय. गाडी तीच, 800. इंजिन थंड झाल्यावर त्या दिवशी आणखी एक फेरी मारली, 47.2 लागले. मामानं वहीत तेवढेच लिहायला लावले.